सगळ्या बाटल्यांना संत्र्याचा वास

३ मार्च, सोमवार

ही वही काल घेतली. आज ना उद्या माझ्या तोंडून काहीतरी निघेल आणि नोकरी जाईल. त्यापेक्षा पेनातून निघालेलं बरं.

माझं काम गाड्या धुण्याचं. या दुकानात लोक आपल्या गाड्या चमकवायला आणतात. धुणं, पुसणं आणि दिवा धरणं माझ्याकडे. रंगावर मशीन फिरवणं, पॉलिश करणं, वॅक्स लावणं मामाकडे. मामा म्हणजे माझ्या आईचा सख्खा मोठा भाऊ. त्यानेच मला इतक्या लांब आणलं आणि तोच मला मशीनला हात लावू देत नाही. आईला फोनवर सांगतो, पोरगं शिकतंय. काय शिकतंय? बादली उचलायला.

तोंडावर मी मामाला अहो-जाहो करतो. इथे करणार नाही. वही माझी आहे.

आज सीटवाल्याने पुन्हा मला 'अंगठेबहाद्दर' म्हटलं. हा आतल्या सीटा धुतो, म्हणजे माझ्यापेक्षा फार वर नाही. पण दहावी झालाय, आणि ते दिवसातून एकदा कुणाला तरी ऐकवल्याशिवाय त्याला जेवण पचत नाही. मी सातवी अर्ध्यात सोडली हे खरं. पण इथल्या पाट्या, बसवरची नावं, बाटल्यांवरची अक्षरं बघून बघून इथलीही लिपी मी शिकलो. हळू वाचतो, पण वाचतो. हे कुणाला माहीत नाही. एक दिवस सगळ्यांसमोर बाटलीवरचं घडाघडा वाचून दाखवणार आहे. त्या दिवशी सीटवाल्याचं तोंड बघायचंय मला.

५ मार्च, बुधवार

मालकाने जुना माल बंद केला. नवीन कंपनीच्या बाटल्या आल्या. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या एका मापाच्या, झाकणंही पांढरीच. फरक फक्त खाली बारीक अक्षरांत.

मामाने एक उघडली, हुंगली. दुसरी उघडली, हुंगली. तिसरी. मग सगळ्या टेबलावर आपटल्या.

"सगळ्यांना संत्र्याचा वास," तो मालकाला म्हणाला. "हा गाडीला लावायचा माल आहे की पाहुण्यांना द्यायचं सरबत?"

मालक म्हणाला, "गिऱ्हाइकाला आवडतो. तुम्हाला गाडी चमकवायचीय, प्यायची नाहीये."

मामाला पहिल्यापासून हुंगायची सवय. जुन्या कंपाउंडला घासलेटाचा वास यायचा, पॉलिशला बदामाचा, वॅक्सला नव्या चपलांचा. मी समजायचो, हा भाव खातोय. अत्तरवाला असल्यासारखा नाकाशी झाकण धरायचा आणि डोळे मिटायचा. आज वास गेला, तर अर्धा दिवस तोंड वाकडं करून बसला.

तसं काम सोपं आहे, मी सांगू शकतो. कंपाउंड खरवडतं. त्याने खोल ओरखडे जातात, पण रंग धुरकटतो. तो धूर पॉलिशने जातो. वॅक्स काही काढत नाही, वरून झाकतं. वॅक्स असेल तर पाण्याचे मणी होऊन घरंगळतात, नसेल तर पाणी नुसतं पसरतं. म्हणजे क्रम चुकला की मेहनत गेली. एवढंच. याला वीस वर्षं लागतात म्हणे.

दुपारी दोघेच होतो तेव्हा मी बाटल्या ओळीत लावल्या आणि एकेकीवरचं वाचून दाखवलं. हे कंपाउंड, हे पॉलिश, हे वॅक्स. वाटलं, एकदा तरी पाठीवर थाप पडेल.

मामा म्हणाला, "तुला कुणी विचारलं?"

आणि मग जरा वेळाने, "पुन्हा सांग. डावीकडून."

मी नाही सांगितलं.

८ मार्च, शनिवार

आज माझं डोकं ठिकाणावर नाही.

एका राखाडी गाडीचं दार. दाराच्या कडेला रंग पातळ असतो, म्हणून तिथे टेप चिकटवतात, मशीन त्या टेपच्या आत ठेवायचं. टेप मीच लावली होती. निळीशार, कुणालाही दिसेल अशी. मामाने मशीन सरळ टेपवर नेलं, टेप फाडली आणि कड जाळली. आतला पांढरा थर दिसायला लागला.

मालक धावत आला. मामा माझ्याकडे वळून म्हणाला, "दिवा कुठे धरतोस? डोळे काय खिशात ठेवलेस?"

दिवा बरोबर होता. हे मी देवाशपथ लिहितो. दिवा अगदी कडेवर होता.

मालक माझ्याशी काही बोलला नाही. मामाला म्हणाला, "अजून एक गाडी अशी झाली तर तुम्हाला घरी पाठवीन. वय बघणार नाही आणि वर्षंही बघणार नाही." घरी मामी आहे, मामाची मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इथलं काम गेलं की तिचं शिक्षणही गेलं. मामाने फक्त फडकं पिळलं. कोरडं फडकं पिळत होता.

परत येताना मोठा रस्ता ओलांडायचा होता. मामाने नेहमीसारखा माझ्या खांद्यावर हात ठेवला. हाताचं वजन काय, जणू पोतं ठेवलंय. दिवसभर मला चारचौघांत झापायचं आणि संध्याकाळी माझ्यावरच भार टाकायचा. मी खांदा काढून घेतला. तो फुटपाथच्या कडेला उभाच राहिला. गाड्या थांबल्या होत्या तरी उभा. शेवटी मीच मागे फिरलो. म्हणालो, "चला ना आता, सिग्नल काय तुमच्या नावाने लागणार आहे का?"

खोलीवर मामीचा मेसेज आला. मामा म्हणाला, "तू वाच. माझे हात तेलकट आहेत."

हात धुतलेले होते. साबणाचा वास येत होता. मामी काय लिहिते, मुलगी काय मागते, सगळं मला मोठ्याने वाचावं लागतं आणि हा भिंतीकडे बघत ऐकतो. मी काय याचा कारकून आहे?

९ मार्च, रविवार

सुट्टी. झोपलो. उठलो तेव्हाही राग होताच.

११ मार्च, मंगळवार

मालकाने मला एकट्याला आत बोलावलं. शहरातला एक मोठा हॉटेलवाला आहे, त्याच्या गाड्या एकजात काळ्या. पहिली गाडी शुक्रवारी येणार. ती पसंत पडली तर सगळ्या आपल्याकडे.

काळी गाडी म्हणजे आरसा. तिच्यावर बोटाचा ठसासुद्धा ओरडून सांगतो. चुकीच्या फडक्याने पुसली तर उन्हात रंगावर बारीक गोल रेघांची जाळी दिसते, कोळ्याने विणल्यासारखी.

मालक म्हणाला, "मामावर लक्ष ठेव. काही चुकलं तर लपवू नकोस, मला येऊन सांग. मग ती जागा तुझी. मशीन तुझं."

मी म्हणालो, "मामा चुकत नाहीत." असं का म्हणालो कळत नाही. मला तर उलटंच म्हणायचं होतं.

मालक हसला. "तुझं तू ठरव."

दिवसभर मशीनकडे बघत होतो. हॅंडलला मामाच्या पंज्याचा खड्डा पडलाय, रबर झिजून. माझा हात त्यात कसा बसेल, हा विचार डोक्यातून जाईना. यात चोरी नाही. मी काही त्याचं ओढून घेत नाहीये. तो स्वतःच चुकतोय आणि वर मलाच आंधळा म्हणतोय.

१३ मार्च, गुरुवार

उद्याच्या गाडीला कोणतं वॅक्स यावरून वाजलं. मालकाचा हुकूम, नवीनच वापरायचं. बाटलीतलं, पातळ, लावलं की पटकन पुसायचं. मामाला डब्यातलं जुनं घट्ट वॅक्स हवं. एक डबा त्याने कपाटात लपवलाय.

मी म्हणालो, "मामा, नवीन वॅक्स चांगलं आहे. मी बादलीवर लावून बघितलं. पाण्याचे मणी मोत्यासारखे उठतात."

"बादलीचं लग्न करायचंय का?"

"मग त्यात वाईट काय ते तरी सांगा."

"जुन्यात हाताला कळतं. लावलं किती, सुकलं किती, राहिलं कुठे. पूर्वीचं कंपाउंड बोटांत चरचरायचं. हे सगळं लोण्यासारखं. कंपाउंड काय अन् वॅक्स काय."

"बाटलीवर लिहिलेलं असतं की, मामा."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्या आईला शिवी दिली. मग माझा हात धरून एका गाडीच्या टपावर ठेवला. "डोळे मीट. काय लागतंय?"

"थंड."

"अजून."

"गुळगुळीत."

"मागे ने. आता?"

खरखर होती. बारीक, मिठाच्या कणांसारखी. डोळे उघडले तर तिथे काही दिसत नव्हतं. पुन्हा मिटले तर होती.

"डोळ्यांवर फार जाऊ नकोस," तो म्हणाला. "डोळे थापा मारतात."

हा नेहमीचा उपदेश. दिवा धरायला चुकलं की डोळे खिशात, आणि इतर वेळी डोळे थापाडे. एक काहीतरी ठरव म्हणावं.

१४ मार्च, शुक्रवार

सगळं नीट लिहितो.

गाडी सकाळीच आली. धुतली, सुकवली, टेप लावली. मामा मशीन घेऊन उभा राहिला आणि माझ्याकडे दिलं. "आज तू चालव. मी आहे."

इतके महिने मी ज्याची वाट बघत होतो ते असं हातात आलं, आज, याच गाडीवर. मला वाटलं, चुकलंच तर माझ्या माथी मारायचं ठरवलंय. तरी घेतलं. मामा माझ्या पाठीशी उभा राहून मशीनचा आवाज ऐकत होता. "दाबू नकोस, रडतंय ते. सैल सोड. हां, आता गातंय." गाडी उजळत गेली. मी माझा चेहरा तिच्यात बघितला. दाढी वाढलीये.

बॉनेट आरशासारखं झालं. आता फक्त वॅक्स राहिलं, ते मामा हातानेच लावतो. मालक सारखा आतबाहेर करत होता, त्यामुळे जुना डबा काढता येईना. मी पाण्याची बादली बदलायला मागे गेलो. फार वेळ गेलो नव्हतो.

परत आलो तर बॉनेटच्या मधोमध धूर. धुरकट, पांढुरका पट्टा, त्यात हाताने घासल्याचे गोल. मामा निवांत, लयीत, अजून घासत होता. शेजारी उघडी बाटली. त्यावरची अक्षरं मला दारातूनच वाचता आली. कंपाउंड.

माझ्या हातून बादली खाली पडली. म्हणालो, "तू आंधळा आहेस का?"

मामाला मी आयुष्यात कधी 'तू' म्हटलेलं नाही. तो थांबला. मान वर केली नाही. हळूच म्हणाला, "कुठे?"

त्याचा हात त्या पट्ट्यावरच होता.

मी तिथे उभा राहिलो आणि मला सगळीकडून एकदम राग आला. बाटल्या हुंगणं. डावीकडून पुन्हा सांग. निळी टेप. साबणाच्या वासाचे तेलकट हात. फुटपाथच्या कडेला उभं राहणं. माझा खांदा. मी रोज इतका जवळ होतो. दिवा मीच धरत होतो.

म्हणालो, "सांगता आलं नाही?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

मंगळवारपासून मालकाचं बोलणं माझ्या खिशात होतं, ते त्याला माहीत नव्हतं. की होतं? म्हणून मशीन दिलं? हे मला अजून कळत नाही आणि त्याला विचारणार नाही.

तेवढ्यात बादलीचा आवाज ऐकून मालक आला. त्याच्या मागे सीटवाला, तमाशा असेल तिथे तो असतोच. मालकाने बॉनेट बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"हे कुणी केलं?"

मामाने तोंड उघडलं. मला माहीत होतं, आज तो माझ्यावर ढकलणार नाही. म्हणून मी आधी बोललो.

"वॅक्सची बाटली दे म्हणाले. मी चुकीची दिली."

"चुकीची कशी? त्याच्यावर छापलंय."

"मला वाचता येत नाही."

माझे कान तापले होते. मामाने माझ्याकडे तोंड वळवलं. माझ्या जरा उजवीकडे बघत होता.

सीटवाला म्हणाला, "मग रात्रंदिवस वहीत काय बदकं काढतोस?"

"आपली अक्षरं येतात थोडी. ही येत नाहीत."

"अंगठेबहाद्दर," सीटवाला मालकाला म्हणाला, "मी आधीपासून सांगतोय."

मी मुठी पाठीमागे धरल्या. बाटलीवरचं सगळं मी घडाघडा वाचून दाखवणार होतो. उजळणीही केली होती, 'थंड व कोरड्या जागी ठेवावे' पर्यंत.

मालकाने मला जे काय म्हणायचं ते म्हटलं. ते लिहीत नाही. शेवटी म्हणाला, "पाच वाजता माणूस येतोय. मामा, मशीन तुम्ही घ्या. आणि तू बाजूला हो, दिवा धर. तेवढं तरी जमेल ना?"

म्हणजे आता मामालाच करायचं होतं. मालक हाताची घडी घालून समोर उभा. मी दिवा धरला आणि तोंडातल्या तोंडात बोलत राहिलो. "डावीकडे, मामा. अजून. इथे धूर आहे. एक फेरा. वर. बस."

मालक म्हणाला, "काय पुटपुटतोयस?"

मामा म्हणाला, "शिकतोय. बोलल्याशिवाय त्याच्या डोक्यात शिरत नाही." आणि मला हळूच, "पुढे?"

"कडेला टेप. हातभर आत राहा."

पट्टा गेला. मालकाने बोट दाखवलेली वॅक्सची बाटली मी त्याच्या हातात दिली. त्याने ती हुंगली, उगाचच. संत्रं.

१५ मार्च, शनिवार

काल पाच वाजता हॉटेलवाला स्वतःच गाडी न्यायला आला. उन्हात उभी करून चारी बाजूंनी फिरला, एक बोटही लावलं नाही. जाताना म्हणाला, बाकीच्याही पाठवतो. मालकाने मामाच्या पाठीवर थाप मारली.

मला म्हणाला, "वाचता येत नाही त्याने मशीनला हात लावायचा नाही. धुण्यावर राहा. आणि त्या बाटल्यांना काहीतरी खूण कर, म्हणजे पुन्हा माझं नाक कापलं जायचं नाही."

मी खूण केली. कंपाउंडला एक रबर, पॉलिशला दोन, वॅक्सला तीन. जाड रबरं, बोटाला लागतील अशी. सीटवाल्याने बघितलं आणि विचारलं, "एक, दोन, तीन तरी येतं ना?"

आज त्याला मारलं असतं. बादली उचलून गेलो.

१७ मार्च, सोमवार

मामा सकाळी टेबलापाशी आले. बाटल्यांवरून अंगठा फिरवला. एक. दोन. तीन. पुन्हा एकदा, दुसऱ्या बाजूने.

म्हणाले, "तिसरं रबर सैल आहे. साधं रबर लावता येत नाही नीट."

मी घट्ट केलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. आभार वगैरे नको होते, पण काहीतरी. ते कामाला लागले. दिवसभर वॅक्स लावलं, एकदाही बाटली हुंगली नाही.

असं चालणार नाही. मी बाटल्यांना रबर लावीन, कडांना टेप लावीन, रस्ता ओलांडून देईन. पण मामीच्या मेसेजला रबर कसं लावायचं? आणि मी एखाद्या दिवशी आजारी पडलो तर? मालकाला कळलं की मामा घरी, आणि मी आयुष्यभर धुण्यावर. सांगायला काय झालं होतं यांना? घरचा मी एकटाच आहे ना इथे? अजून राग येतो. जास्तच येतो.

संध्याकाळी खोलीवर मी चप्पल भिरकावली आणि म्हणालो, "रविवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय."

"कुणाच्या डोळ्यांसाठी?"

"माझ्या."

"तुझ्या डोळ्यांना काय धाड भरलीये?"

"वाचता येत नाही मला. सगळ्या दुकानाला माहीत आहे."

मामा पाय पोटाशी घेऊन भिंतीला टेकून बसले होते. मग फोन माझ्या दिशेने सरकवला. मामीचा मेसेज होता. आज हात तेलकट आहेत असं म्हणाले नाहीत. मी वाचून दाखवला. मुलीची परीक्षा जवळ आलीये, आणि मामी विचारतेय, भाचा नीट वागतोय ना.

"काय लिहू?" मी विचारलं.

"लिही, उद्धट आहे."

मी लिहिलं.

रविवारी डॉक्टरकडे मी एकटा जाईन म्हणालो. मामा म्हणाले, नको. मोठा रस्ता आहे, पाट्या परक्या, आणि मला म्हणे वाचता येत नाही. मी हरवेन म्हणून ते सोबत येणार आहेत.